चन्नम्मांची वाटी

॥ श्री ॥

सात रस्ता, सोलापूर
माघ वद्य दशमी, शके १८९५

राजमान्य राजेश्री मानसिंगराव यांसी मुक्काम मंद्रूप, सोलापुराहून रामहरीचा मनापासून रामराम.

वि. वि. इकडे मी खुशाल आहे. तुमची, सारजावहिनींची आणि गोठ्यातल्या मंडळींची खुशाली कळवावी. थंडीत तुमचा उजवा गुडघा कसा आहे? (डावा असल्यास डावा. मागच्या पत्रात तुम्ही नुसतेच 'गुडघा' लिहिले होते.) सौ. वच्छला हुरड्यासाठी म्हणून तुमच्याकडे आली त्याला आता बरेच दिवस झाले. हुरडा सरत आला असेल, कणसातले दाणे टणक व्हायला लागले असतील, तरी तिने हवे तितके राहावे. माझे इकडे काहीएक अडत नाही. दूध मीच तापवतो, उतू गेलेले मीच पुसतो, आणि ऑफिसला जाताना कुलूप लागले की नाही ते बघायला सात रस्त्याच्या चौकातून रोज परत येतो तोही मीच. नवरा-बायको म्हटले की भांड्याला भांडे लागायचेच, पण आमचे तसलेसुद्धा काही झालेले नाही. तेव्हा हे पत्र तिच्या परत येण्याविषयी आहे असा गैरसमज करून घेऊ नये. हे पत्र आरोग्य या विषयावर आहे. अंतर्देशीय पत्र आणले होते, पण विषय त्यात मावेना म्हणून पाकीट केले.

तुम्हाला ठाऊकच आहे की मला पोटात वायू धरण्याची खोड आहे. (तुमच्या धाकट्याच्या लग्नात मंगलाष्टके चालू असताना जो आवाज झाला तो मी अजूनही बँडवाल्यांवर ढकलतो.) दिवाळीनंतर आमच्या ऑफिसजवळच्या वाचनालयात एका निसर्गोपचारवाल्या गृहस्थांचे व्याख्यान झाले. गृहस्थ सडपातळ, आवाज खणखणीत, अंगावर भगवी शाल. त्यांचे सांगणे असे की सूर्य मावळायच्या आत जेवावे, घास तोंडात पाण्यासारखा होईपर्यंत चावावा, जेवताना अवाक्षर बोलू नये कारण बोलण्याबरोबर वारा पोटात जातो, आणि तेल, तिखट, मीठ, साखर, गूळ, चहा व भाजलेले शेंगदाणे यांना घराचा उंबरा ओलांडू देऊ नये. शेंगदाण्याचे नाव निघाल्यावर माझ्या शेजारी बसलेले आमचे हेडक्लार्क उठून गेले. सोलापुरात राहून शेंगदाणे सोडायचे म्हणजे काय ते त्यांना लगेच समजले असावे. मी मात्र बसून राहिलो. मनात म्हटले, परवाच्या दुष्काळात आपण रेशनच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खाल्ल्या, त्यापुढे उकडलेला दुधी म्हणजे पक्वान्नच की. घरी आलो आणि दुसऱ्या दिवसापासून सगळे एकदम सुरू केले. मी धरसोड करणारा माणूस नाही, हे ऑफिसात सगळे मान्य करतात. (घरात याला दुसरा शब्द आहे.)

आता आमच्या घरची रीत तुम्ही पाहिलेली आहे. दिवसभर घरात आणि गल्लीत काय काय झाले ते तुमची बहीण मला जेवायला बसल्यावर सांगते. नळाला पाणी किती वेळ आले, आमच्या लेकीचे, प्रभाचे, सासरहून पत्र आले का, कोणाची सून माहेरी गेली आणि का गेली, हे सगळे भाकरीच्या तुकड्यागणिक माझ्या ताटात पडत असते. मी 'हं' म्हणतो. एवढ्या वर्षांत मला तिकडे फार लक्ष द्यावे लागले नाही, पण तिचे सांगून होते आणि माझे जेवून होते. नव्या नियमाप्रमाणे ते बंद झाले. ती काही बोलू लागली की मी बोट वर करून तोंडातला घास दाखवत असे, म्हणजे तो अजून पाण्यासारखा झालेला नाही. पहिले दोन-चार दिवस ती हसली. मग तिने बोलणे सोडले आणि मी चावत असताना भिंतीकडे बघत बसू लागली. मला वाटले, तिलाही शांततेचा गुण येत आहे.

दुसरे म्हणजे चटणी. आमच्या परसात उखळ आहे आणि शेजारी विरुपाक्षअण्णा राहतात, चादरीच्या दुकानात कारकुनी करतात. त्यांच्या पत्नी चन्नम्मा अक्कलकोटकडच्या. दोन्ही घरांच्या परसांमध्ये कमरेएवढी भिंत आहे. दर शनिवारी दुपारी चन्नम्मा आपले मुसळ, आपल्या शेंगा, आपला लसूण घेऊन त्या भिंतीच्या फटीतून इकडे यायच्या, आणि दोघी मिळून एकाच उखळात दोन मुसळांनी दोन्ही घरांची चटणी कुटायच्या. एकीचे मुसळ खाली तेव्हा दुसरीचे वर. शेंगांना तेल सुटून गोळा होईपर्यंत हे चाले, आणि तोंडे त्याहूनही जास्त वेळ चालत. एक अर्धे कानडीत बोले, दुसरी अर्धे मराठीत, आणि दोघी मध्येच मुसळ टेकून इतक्या हसायच्या की मला आत ऑफिसचे काम सुचायचे नाही. मी चटणी वर्ज्य केली तेव्हा उखळही वर्ज्य झाले. वच्छला म्हणाली, "तुमी नका खाऊ, पन आमी कुटतो की." मी म्हटले, घरात वास आला तरी माझा निश्चय डळमळेल. (हे मी प्रामाणिकपणे सांगितले, त्याचे कौतुक झाले नाही.)

इथपर्यंत काहीच बिघडले नव्हते, नुसते शनिवार मोकळे पडू लागले होते. मग मार्गशीर्षातली वेळ अमावस्या आली. त्या दिवशी अक्कलकोटकडे सगळे शेतात जाऊन पूजा करतात आणि जेवतात हे मी तुम्हाला सांगायला नकोच. चन्नम्मा शेतावरून परत आल्या त्या आमच्यासाठी मोठ्या वाटीत सगळ्या भाज्या एकत्र शिजवलेली भज्जी आणि वर बाजरीचे वाफवलेले उंडे घेऊन. वाटी त्यांच्या लग्नातली, पितळेची, काठावर कानडीत नाव कोरलेली. वच्छला भाजी आणायला गेली होती, म्हणून ती माझ्या हातात आली. उघडून बघतो तर भज्जीवर तेलाचा तवंग आणि लसणाचा असा वास की माझा नियम टिकणे कठीण. मी फार विचार केला नाही. दारात गाय उभी होती, भज्जी आणि उंडे तिला घातले (गायीलाच घातले, याची नोंद घ्यावी), वाटी चिंच लावून स्वतःच्या हाताने लख्ख घासली, आणि तशीच नेऊन चन्नम्मांच्या हातात दिली. म्हणजे रिकामी.

मानसिंगराव, शेजारची वाटी रिकामी परत करायची नसते हे मला ठाऊक नव्हते असे नाही. निदान चिमूटभर साखर टाकायची, नाहीतर गुळाचा खडा. पण माझ्या नव्या समजुतीप्रमाणे साखर आणि गूळ हे विष. ते मी शेजाऱ्याच्या घरी कसे पाठवू? उलट त्यांच्या भल्यासाठीच रिकामी दिली, आणि त्यांना तसे उंबऱ्यात उभे राहून समजावूनही सांगितले. भज्जी गायीने आवडीने खाल्ली हेही सांगितले, कारण त्यात लपवण्यासारखे काही नव्हते. चन्नम्मांनी वाटी घेतली, आत बघितले, पुन्हा माझ्याकडे बघितले, आणि "बरं भावजी" एवढेच म्हणून दार लावले. मला वाटले, पटले.

वच्छला भाजी घेऊन आली तेव्हा मी हे तिला मोठ्या समाधानाने सांगितले. तिने पिशवी खाली ठेवली आणि विचारले, "तिच्यात काय घातलंत?" मी म्हटले, काही नाही, लख्ख घासून दिली. "रिकामी? सणाची वाटी?" मी पुन्हा साखरेचे सांगू लागलो. ती म्हणाली, "दुष्काळात तिच्या घरात दाना न्हवता, तवा तिनं माझी वाटी पानी घालून परत दिली. पानी, पन रिकामी न्हाय." एवढे बोलून ती आत गेली.

त्या दिवसापासून दोघींचे बोलणे तुटले. भांडण म्हणावे तर तसे काहीच नाही. वच्छला शरमेने भिंतीकडे जाईना आणि चन्नम्मा भिंतीपलीकडून येईनात. संक्रांतीला सगळ्या गल्लीत तिळगूळ फिरला, पण भिंतीच्या फटीतून नाही. तुमच्या बहिणीला झोप लागेना. उजवा खांदा धरला, हात वर जाईना. भाकरी थापताना ती मध्येच थांबायची. मी तिला डॉक्टरांकडे नेले. त्यांनी तपासून सांगितले की खांद्याला काही झालेले नाही, गुलाबी गोळ्या दिल्या आणि माझ्याकडे वळून मला विचारले, तुम्ही आजारी होतात का. मी म्हटले, नाही, मी आरोग्याचा प्रयोग करतो आहे. खरे सांगायचे तर माझे शर्ट गळ्याला ढिले झाले होते, आणि वायूचे म्हणाल तर तो पूर्वी जेवणानंतर यायचा तो आता जेवणाची वाट बघत नव्हता. पण प्रयोगाच्या मध्यावर निष्कर्ष काढणे बरे नाही.

मग एके दिवशी तुमच्या बहिणीने पिशवी भरली. म्हणाली, "दादाकडं हुरड्याला जाते." मी विचारले, परत कधी? ती म्हणाली, "ती वाटी भरून गेली की कळवा. तुमी रिकामी दिली, तुमीच भरायची. मी न्हाय मधे पडनार." आणि मंद्रूपच्या एस.टी.त बसली. (यालाच मी वर हुरडा म्हटले आहे.)

आता तुम्ही म्हणाल, वाटी भरायची, त्यात काय अवघड? वाटी त्यांच्याकडे गेलेली. माझ्याकडे भरायला काही नाही, घरात दुधी आणि गाजर. एकदा उकडलेला दुधी घेऊन भिंतीपर्यंत गेलो होतो, पण विरुपाक्षअण्णा पलीकडे दात घासत होते. त्यांनी भांड्यात डोकावले आणि विचारले, "कुनाला बरं न्हाय?" मी परत आलो. मग सात रस्त्यावरून पेढे आणले आणि पुड्यासकट नेऊन दिले. चन्नम्मांनी पेढे ताटात काढून घेतले, पुडा झटकला, त्यात मूठभर खारीक घातली आणि मला परत दिला. कागदाचा पुडा, मिठाईवाल्याकडचा, तोही त्या बाईने रिकामा पाठवला नाही. मी ती खारीक साखरेच्या रिकाम्या डब्यात घातली. लाज वाटली म्हणजे पोटात काय होते ते वायूपेक्षा वेगळे असते, हे मला त्या दिवशी समजले.

काल शनिवार होता. ऑफिसला अर्धी सुट्टी. घरी आलो आणि मनाशी ठरवले की त्या घराशी आपला व्यवहार चटणीचा आहे, तेव्हा भरपाईही चटणीनेच करावी. शेंगा भाजल्या. (काही कोळसा झाल्या, त्या वेगळ्या काढल्या. वेगळ्या काढलेल्या जास्त होत्या.) लसूण सोलला, तिखट घेतले, उखळ धुतले आणि तुमच्या बहिणीचे मुसळ उचलले. कुटण्याचे काम लांबून फार सोपे दिसते. मुसळ कधी उखळाच्या काठावर, कधी फरशीवर, आणि एकदा माझ्या अंगठ्यावर पडले. तिखट डोळ्यांत गेले, डोळे चोळले ते त्याच हातांनी. शेंगा उखळातून उडून परसभर झाल्या, आणि उखळात राहिल्या त्यांचा नुसता भुगा, तेलाचा पत्ता नाही. विरुपाक्षअण्णा भिंतीवर कोपरे टेकून बघत होते. त्यांनी आत वळून कानडीत काहीतरी सांगितले, आणि आतून काहीतरी उत्तर आले. उत्तर माझ्या बाजूचे वाटले नाही.

थोड्या वेळाने पाहतो तर चन्नम्मा भिंतीच्या फटीतून येत आहेत आणि खांद्यावर त्यांचे मुसळ. त्या माझ्याकडे न बघता उखळाजवळ उभ्या राहिल्या आणि मुसळाला सांगावे तसे म्हणाल्या, "असं एकट्यानं कुटल्यावर शेंगाला तेल कसं सुटंल? आवाज ऐकवंना, म्हनून आले. तुमच्यावरचा राग गेला न्हाय." आणि सुरू केले. माझे मुसळ त्यांच्या मुसळावर आपटू लागले तेव्हा त्या कानडीत मोजू लागल्या. ओंदु म्हटले की त्यांचे, एरडु म्हटले की माझे. ओंदु, एरडु, ओंदु, एरडु. थोड्या वेळाने ते जमले, आणि जमले तशा चन्नम्मा बोलू लागल्या. अमावस्येपासून साठलेले सगळे. अक्कलकोटच्या बहिणीची जमीन, सुनेचे डोहाळे, अण्णांचा खोकला. वच्छला अशा वेळी काय म्हणते हे मी कधी ऐकले नव्हते, म्हणून ऑफिसात म्हणतो तसे मध्ये मध्ये 'बरोबर आहे' म्हणत राहिलो. सुनेला दिवसभर उलट्या होतात यावरही बरोबर आहे म्हटले. त्यांनी मुसळ थांबवले आणि म्हणाल्या, "तुमाला सांगून काय उपेग. वच्छलाबाई असती तर..." आणि पदर डोळ्यांना लावला. तिखटाने असेल. माझ्याही डोळ्यांत होतेच तिखट.

चटणीला तेल सुटले. त्यांचा वाटा त्यांनी घेतला. त्या गेल्यावर मी कडक भाकरीबरोबर आमचा वाटा खाऊन बघितला, केवळ मीठ बरोबर पडले की नाही ते पाहण्यासाठी, आणि ते नक्की करायला तीन भाकरी लागल्या. वायू झाला नाही. सूर्य केव्हा मावळला ते समजले नाही. यावरून निसर्गोपचार हळूहळू पण नक्की गुण देतो असे माझे मत झाले आहे, आणि तुमच्या गुडघ्यासाठी तुम्हीही तो चालू करावा. सकाळी दुधीचा रस, मीठ न घालता, आणि जेवताना मौन. सारजावहिनींना रामराम. थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. लोभ आहेच, तो तसाच राहू द्यावा.

तुमचा
रामहरी

ता. क. कोणी सोलापूरला येणार असल्यास त्यांच्याबरोबर दोन पायली शेंगा पाठवाव्यात. या पत्राचे खरे कारण एवढेच. कोणी येणार नसेल तर वच्छलेबरोबर पाठवल्या तरी चालेल. खांदा दुखत असेल तर शेंगा राहू द्याव्यात, नुसती वच्छला पाठवावी.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवले होते, पुन्हा उघडले. सकाळी मी आमच्या घरच्या वाटीत (जिच्यावर वच्छलेचे नाव आहे) माझ्या वाट्याची चटणी भरून अण्णांकडे दिली होती. आत्ता ती वाटी परत आली. वर फडके बांधलेले. उघडून बघतो तर रिकामी. लख्ख घासलेली, आत माझेच तोंड दिसत होते. तसाच भिंतीशी गेलो तर पलीकडे चन्नम्मा इतक्या हसत होत्या की त्यांना बोलता येईना. म्हणाल्या, "फिटलं, भावजी. आता वच्छलाबाईला लिवा, चन्नीनं तुजी वाटी रिकामी पाठवली. भांडायला ये म्हनावं. मी वाट बघती हाय." हा निरोप त्यांनी सांगितला तसा लिहिला आहे. माझ्या मनाचे त्यात काही नाही.

ता. क. तिसरा. दुधीच्या रसाचे वर लिहिले आहे ते करू नये. आणि हे पत्र वच्छलेला दाखवू नये. तिला दिसेल अशा जागी ठेवले तर माझा इलाज नाही.

ता. क. शेवटचा. जेवताना कोणी बोलत नसले की आपणच चावल्याचा आवाज घरभर ऐकू येतो, हे त्या व्याख्यानात सांगितले नव्हते. तिला म्हणावे, नळाला आज पाणी किती वेळ आले ते सांगायला घरात कोणी नाही.